पहिली दहा मिनिटं

पूर्णा, ता. भिवंडी
रविवार, ७ जानेवारी १९९६

चि. रामनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि व्हिडिओ कॅसेट दोन्ही शाळेच्या पत्त्यावर पोचलं. दिवाळी सोडून तुझं पत्र यावं असं नऊ वर्षांत पहिल्यांदाच झालं, म्हणून ते मी मधल्या सुट्टीत न वाचता घरी येईपर्यंत पर्समध्ये तसंच ठेवलं. बरं आहेस ना? अंधेरीच्या त्या खोलीत पाणी येतं का वेळेवर? तू यातलं काहीच लिहिलं नाहीस. कामाचं मात्र चार पानं लिहिलंस, तेही छान वाटलं.

तुझं काम मला समजलं ते असं. हा इंग्रजी सिनेमा, दोन कुत्र्यांचा, तुमच्या स्टुडिओत मराठीत करायचा आहे. शाळाशाळांतून दाखवायचा म्हणून तुमच्या शेठना त्यातली बारा मिनिटं कापून हवी आहेत. कुठली कापायची ते तुझ्यावर सोडलंय. आणि तू विचारतोस की ताई, तू रोज चाळीस पोरांना गोष्टी सांगतेस, तर ही गोष्ट कशी बांधलीय ते मला नीट उलगडून दाखव. म्हणजे अमुक काढलं तर डोलारा पडेल, तमुक काढलं तर कुणाला कळणारही नाही, असं.

आता आपल्याकडं कुठला व्हिडिओ? मग लतीफभाईंकडं गेले. आठवतात ना, पलीकडच्या आळीतले, कपड्याच्या ताग्यांचा टेम्पो चालवायचे ते? कमरेच्या दुखण्यामुळं टेम्पो विकला आणि भिवंडीत तीनबत्तीच्या बाजूला व्हिडिओ लायब्ररी टाकली. मागं एक छोटी खोली आहे, तिथं टीव्ही. मला बघून म्हणाले, “कमळाताई, तू आणि पिक्चर? आज लूम बंद पडतील भिवंडीचे!” पण मान मोठा दिला. खुर्ची पुसली, चहा मागवला.

लूम काही बंद पडले नाहीत. खोलीच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांचा कारखाना आहे. त्या खटखटीत इंग्रजीच काय, मराठीसुद्धा कळली नसती. त्यामुळं सगळा सिनेमा मी नुसता डोळ्यांनी पाहिला. दुपार होती, पडदा लावलेला, त्यातून पिवळसर उजेड येत होता, आणि ती दोन कुत्री बर्फावरून, गवतावरून, पाण्याच्या कडेनं चालत होती, आणि त्यांची पावलं लूमच्या ठेक्यावर पडताहेत असं वाटत होतं. मधेच मला डुलकी लागली की काय कोण जाणे. कारण एका ठिकाणी ती आपल्या खाडीच्या बांधावरून चालताना दिसली. सिनेमात तसं काही नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा पाहिला.

तर ऐक. मोठा पांढुरका कुत्रा आहे, एक कान मुडपलेला, त्याला मी म्हातारा म्हणते. आणि तपकिरी, बारीक पायांची कुत्री, ती धाकटी. डोंगरातल्या गावावर धरणाचं पाणी येणार, म्हणून घरची माणसं दूर समुद्राकाठी राहायला जातात. कुत्री मागं राहतात. मग ती दोघं वास घेत, विचारत विचारत म्हणावं तशी, निघतात. वाटेत नदी, बर्फ, मोटारींचा मोठा रस्ता. तू लिहिलंस की ही तीन संकटं म्हणजे सिनेमाचे तीन खांब. मला तसं वाटत नाही.

मला वाटतं खांब आहेत ते तीन मुक्काम. सफरचंदाच्या बागेतली एकटी बाई त्यांना खायला घालते, तिथं पोट भरतं. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस म्हाताऱ्याला मांडीवर घेऊन बसतो, तिथं माया मिळते. आणि मेंढपाळ त्यांना मेंढरं राखायला लावतो, तिथं काम मिळतं, आणि म्हातारा पुन्हा तरुण झाल्यासारखा पळतो. तिन्ही ठिकाणी त्यांचं घर होऊ शकलं असतं. प्रत्येक वेळी आपल्यालाच वाटतं, राहा रे बाबांनो, आता कुठं जाता? आणि ती निघतात. नदीत ती वाहून जातील याची मला भीती वाटली नाही, कारण सिनेमा आहे, वाचणारच. पण मेंढपाळाच्या कुडाशी म्हातारा थांबून मागं बघतो ना, तेव्हा मी खुर्चीचा हात धरून बसले होते.

दुसरी गंमत ती भांड्यांची. मधूनमधून सिनेमा त्या माणसांच्या नव्या घराकडं जातो. पायरीवर दोन भांडी. पहिल्यांदा त्यांत खाणं ठेवलेलं. दुसऱ्यांदा रिकामी, पण घासलेली. तिसऱ्यांदा एका भांड्यात कुणी फुलझाड लावलंय. कुणी एक शब्द बोलत नाही. म्हणजे इकडं ही चालताहेत, तिकडं ती विसरताहेत, आणि दोन्हींतलं आधी काय पुरं होतं याचीच सगळी ओढ. शेवट तर फारच आवडला. ती पोचतात, दार बंद. दोघं पायरीवर निजतात. सकाळी दार उघडतं, आणि कुणाचाही चेहरा न दाखवता सिनेमा संपतो. हे काढू नकोस, शेठ काहीही म्हणोत.

काढायचंच असेल तर पहिली दहा मिनिटं काढ. सामानाची बांधाबांध, ट्रक, रडारड. त्यात कुत्री मागं कशी राहतात ते आहे, पण नसलं म्हणून काही अडत नाही. सरळ रस्त्यावर सुरू कर. उरलेली दोन मिनिटं बर्फातली जातील.

इकडं भाताची झोडणी झाली. नाक्यावर तुळपुळ्यांच्या शेतात मोठं गोडाऊन उभं राहतंय, पत्र्याचं, उन्हात डोळे दिपतात. बाबा बरे आहेत. तुझं पत्र आलं म्हणून सांगितलं तेव्हा जाळं दुरुस्त करत होते. “काय लिवलाय?” विचारलं. म्हटलं, कामाचं लिहिलंय. “बरां,” म्हणाले आणि पुन्हा गाठी मारायला लागले.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी
ताई


पूर्णा
रविवार, २१ जानेवारी १९९६

चि. रामनाथ,
आशीर्वाद.

तुझं उत्तर मंगळवारी मिळालं. माझं विश्लेषण तू स्टुडिओत वाचून दाखवलंस आणि शेठ म्हणाले या बाईंना नोकरीवर ठेवा, हे वाचून मी एकटीच हसले. शाळेतल्या बाईंनी विचारलं, काय झालं? सांगितलं नाही. असलं सांगून टाकलं की संपतं.

मात्र एक विनंती. तू लिहितोस, पहिली दहा मिनिटं महिनाअखेरीस कापायला देतो. ती अजून कापू नकोस. का ते सांगते.

तूच म्हणाला होतास की पोरांना दाखव, कुठं कंटाळतात बघ. काल शनिवार, सकाळची शाळा. उद्यापरवा चाँद दिसला की रोजे सुरू होणार, मग लतीफभाई दुपारचं दुकान उघडणार नाहीत. म्हणून कालच शाळा सुटल्यावर तिसरीतल्या सोळा पोरांना घेऊन गेले. घरी विचारून आलेल्यांनाच. लतीफभाईंनी चटया टाकल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की कॅसेट पुढं पळवा आणि रस्त्यापासून लावा. म्हणजे तू जसा दाखवणार तसा.

पहिली पाच मिनिटं गेली आणि चुळबुळ सुरू. “बाई, ह्यांचं घर कुठं हाय?” “बाई, ती हरवली का पळाली?” “बाई, कुनी हाकलली?” मी सांगत होते की पुढं कळेल, गप्प बसा. बागेतली बाई आली. मला वाटलं होतं तिथं पोरं श्वास रोखतील. कसलं काय! एक जण म्हणाला, राहू दे की तिथंच, मस्त जागा हाय. आणि सगळे हो म्हणाले. मुक्कामाचा सगळा ताणच गेला. म्हणजे मी ज्याला खांब म्हणाले होते तो उभा होता, पण त्याच्याखाली जमीनच नव्हती.

लतीफभाई दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मला विचारलंही नाही. येऊन कॅसेट मागं घेतली आणि पहिल्यापासून लावली.

तेव्हा त्या दहा मिनिटांत काय आहे ते तुला सांगायला हवं, कारण मागच्या पत्रात मी ते टाळलं. ट्रक भरलेला असतो. घरची आई दोन्ही कुत्र्यांना शेजाऱ्याच्या गोठ्याकडं नेते. त्यांना बांधतसुद्धा नाही. स्वतःचा जुना कोट खाली अंथरते, त्यावर ती बसतात. मग ती ट्रकपाशी येते आणि पोरांना काहीतरी सांगते. काय सांगते ते मला लूममुळं ऐकू आलं नाही आणि आलं असतं तरी कळलं नसतं, पण ती खोटं बोलतेय हे खोलीतल्या सोळाच्या सोळा पोरांना कळलं. एकही हललं नाही. आणि नंतर बाग आली, तेव्हा कुणी म्हणालं नाही की राहू दे तिथं. म्हातारा कुडाशी थांबला तर मागून एक आवाज आला, “चल ना रे!”

सिनेमा संपला. पोरं चपला शोधायला लागली. नसीबा म्हणून एक मुलगी आहे, बोलते कमी, अक्षर फार सुंदर. ती माझ्याजवळ आली. म्हणाली, “बाई, आईनंच सोडलं ना त्यांना?”

मी म्हटलं, हो.

“मग ती आईकडंच का जातात?”

मी म्हटलं, सोमवारी सांगते. उद्या सोमवार आहे.

तू पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, कागद उलटा धरून एक ओळ लिहिलीस. ‘ती तपकिरी कुत्री बघताना हरणीची आठवण येते. म्हाताऱ्यानं तिचं काय केलं, कधी बोलला का तुझ्याजवळ?’

ते मी वाचलं. बाबांना तू अजून म्हातारा म्हणतोस. त्याबद्दल पुन्हा लिहीन. आज हात दुखतोय, वह्या तपासल्या सकाळपासून.

खाडीवर सकाळी इतकं धुकं असतं की होडी दिसत नाही, नुसता बाबांचा खोकला ऐकू येतो आणि त्यावरून कळतं की ते कुठवर आलेत. वालाच्या शेंगा यायला लागल्या. तुला आवडायच्या.

तुझी
ताई


पूर्णा
शुक्रवार, २ फेब्रुवारी १९९६

रामनाथ,

आज वीज बंदीचा वार, भिवंडीतले लूम थांबलेत. शाळेच्या खिडकीतून नुसता वारा ऐकू येतोय. अशा शांततेत माणसाला आपलंच बोलणं मोठं वाटायला लागतं. वर्ग सुटलाय, मी एकटी बसलेय. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

हरणीला बाबांनी सोडलं नव्हतं. मी सोडलं.

तू तेव्हा कॉलेजच्या नादात होतास, तुला दुपारी घरी काय चालायचं ते माहीत नव्हतं. आई रोज भाजीची पाटी घेऊन भिवंडीच्या बाजारात जायची आणि तीनच्या एसटीनं परतायची, आणि हरणी नाक्यावर तिची वाट बघत बसायची, हे तुला माहीत आहे. श्रावणात आई तापानं गेली. हरणीला ते कुणी सांगितलं नाही. ती बसत राहिली. एसटी थांबली की उतरणाऱ्या एकेका बाईकडं जाऊन वास घ्यायची, आणि मग घरी येऊन चुलीपाशी, आईच्या पाटाजवळ निजायची. पाच महिने. मी भाकऱ्या थापत असायचे आणि ती माझ्याकडं अशी बघायची की ही कोण बसलीय इथं.

जानेवारीत एक दिवस काय झालं, एक हिरव्या लुगड्यातली बाई एसटीतून उतरली. कुठली कोण, कशेळीला जायची होती. हरणीनं तिचा पदर तोंडात धरला आणि सोडेचना. ओढत ओढत आपल्या ओट्यापर्यंत घेऊन आली. ती बिचारी घाबरून हसत होती, “अगं सोड, सोड बाय.” आणि बाबा दारातून बाहेर आले. हिरवं लुगडं बघितलं, आई नेसायची तसलं. त्यांचा चेहरा मी पाहिला, रामनाथ. अर्धा क्षण त्यांना वाटलं होतं. मग ते आत गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लतीफभाई ताग्यांचा टेम्पो घेऊन वाडा गावाकडं निघाले होते. मी म्हटलं, मला आणि हरणीला न्या. त्यांनी विचारलं, “कशाला?” मी तिला उचलून मागं चढवलं. ते म्हणाले, “सोच ले, ताई.” मी मागं ताग्यांवर बसले आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. अंबाडी गावाच्या पुढं, नदीचा पूल ओलांडून एका आंब्याखाली उतरले. भाकरी ठेवली. ती खायला लागली आणि मी टेम्पोत चढून म्हटलं, चला.

मला वाटलं होतं ती मागं धावेल. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती धावत नव्हती. ती रस्त्याच्या कडेला बसली होती. नाक्यावर बसायची तशी, पुढचे पाय जुळवून. टेम्पो वळला तरी बसलेली.

संध्याकाळी तू आलास. विचारलंस, हरणी कुठाय? मी म्हटलं, बाबांना विचार. एवढंच म्हटलं मी. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या साडीला तिचे केस लागलेले होते. आणि ते म्हणाले, “मी सोरली तिला.”

पुढचं तुला माहीत आहे. तू त्यांना काय बोललास ते मला पुन्हा लिहायचं नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि मी चुलीत फुंकत राहिले, लाकडं पेटलेली असताना. चौथ्या दिवशी तू पिशवी घेऊन गेलास.

आता खरं सांगायचं ते पुढं आहे.

हरणी परत आली. तेविसाव्या दिवशी. मी पहाटे विहिरीवर पाणी काढत होते, पायाला काहीतरी ओलं लागलं. खाली बघते तर ती. एक पंजा सुजलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि गळ्यात नवी सुती दोरी, दातांनी तोडलेली. त्या दोरीचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. तो परवा लतीफभाईंच्या खोलीत कळला. कुणीतरी तिला ठेवून घेतलं होतं. खायला घातलं होतं, गळ्यात नवी दोरी घातली होती. आणि ती तोडून आली. नसीबानं विचारलं तसंच, आली ती सरळ माझ्याकडं आली. माझे पाय चाटले. मग घरात जाऊन तुझ्या अंथरुणाचा वास घेतला, तुझी पिशवी टांगलेली असायची त्या खुंटीखाली बराच वेळ उभी राहिली, आणि बाबांच्या खाटेखाली जाऊन झोपली.

चार वर्षं जगली ती त्यानंतर. नाक्यावर पुन्हा गेली नाही. बाबा तिच्याशी बोलायचे. खाडीवर जाताना होडीत पुढं बसायची. एक्क्याण्णवच्या आषाढात गेली, बाबांनीच खड्डा खणला.

आणि हे मी तुला कळवलं नाही. पहिल्या आठवड्यात लिहायचं होतं. पण ती आली हे लिहायचं तर गेली कशी हेही लिहावं लागलं असतं. बाबा म्हणाले होते, “रामनाथला कलव, हरनी आली म्हनून. येल तो.” मी हो म्हटलं. महिन्याभरानं त्यांनी विचारलं, “कलवलास?” मी म्हटलं, कळवलं.

म्हणजे तू समजून होतास की बाबांनी तिला सोडलं आणि ती कुठंतरी मेली. आणि बाबा समजून होते की ती परत आल्याचं तुला माहीत आहे आणि तरीही तू येत नाहीस. नऊ वर्षं. दोघांच्या मधे एकटी मी बसलेली, दोन्हीकडचे निरोप माझ्याच हातातून जात होते, आणि दर दिवाळीला मी तुला लिहीत होते, बाबा बरे आहेत.

हे पत्र टाकायच्या आधी बाबांना सांगायचं असं ठरवलं. रविवारी दुपारी बांधावर गेले. ते होडीला डांबर लावत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. शेवटचं सांगितलं, की मी कळवलंच नव्हतं, तेव्हा थांबला.

“म्हंजे त्याला ठावंच न्हाय?”

“नाही, बाबा.”

“ती आली, ता त्याला ठावंच न्हाय?”

“नाही.”

मला वाटलं आता डबा माझ्या अंगावर येतो. तर ते खाली चिखलात बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसताहेत. म्हणाले, “मना वाटला पोरगा दगराच्या कालजाचा झाला. तो दगराचा न्हाय गो. त्याला ठावंच न्हवता.” हेच पुन्हा पुन्हा. मला रागवले असते तर बरं झालं असतं, रामनाथ. त्यांचा तो आनंद मला बघवत नव्हता.

मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही स्वतःवर का घेतलंत? ते म्हणाले, “तुझी आय गेलेली. पोरगा तुझ्यावं रुसला असता त घरान भाकर कुनी केली असती? बापावं रुसला त चालतंय.”

नंतर मात्र दोन दिवस ते माझ्या हातचं जेवले नाहीत. स्वतः भात शिजवून खाल्ला. तिसऱ्या दिवशी ताट घ्यायला पाटावर येऊन बसले, एवढंच.

तुझ्या कामाचं राहिलं, ते लिहिते. पहिली दहा मिनिटं ठेव. त्यातला एक क्षणही कापू नकोस. बारा मिनिटं हवीत तर नदीची चार, बर्फाची तीन आणि मोठ्या रस्त्याची पाच काढ. पोरं रडणार नाहीत, विचारणारही नाहीत. संकटं कुठल्याही गोष्टीत असतात. ही गोष्ट ती आई खोटं बोलते तिथं सुरू होते, आणि ती काढली तर पुढचं सगळं चालणं नुसतं चालणं होतं. आणि ती ट्रकपाशी पोरांना जे सांगते, त्याचं मराठी तू करशील तेव्हा तिला दुष्ट करू नकोस. फार लांबण लावू नकोस. एक साधं वाक्य दे, घाईत बोललेलं. खोटं बोलणारं माणूस जास्त बोलत नाही.

नसीबाला त्या सोमवारी मी सांगितलं की मला उत्तर माहीत नाही. ती म्हणाली, “मला पण न्हाय माहीत, बाई.” आणि जाऊन बसली.

आता निरोप. तो बाबांचा आहे, त्यांनी सांगितला तसा लिहिते. पुढच्या रविवारी, ११ तारखेला, ते तुझ्याकडं यायला निघणार आहेत. मी म्हटलं, आधी उत्तर येऊ दे त्याचं. म्हणाले, “उत्तर कशाला? मी जातंय.” धोतर धुवायला टाकलंय. वालाच्या शेंगा आणि सुकट बांधून ठेवलीय. लतीफभाई रोजे असूनही म्हणतात, मी भाचीच्या गाडीतून सोडतो, हे मी देणं लागतो, तेव्हा टेम्पो माझाच होता. त्यांनी मला एवढंच सांगितलं, आणि मी त्यांच्याकडं बघू शकले नाही.

बाबांना तुझा पत्ता वाचता येत नाही, म्हणून मला सोबत यावं लागेल. तुझ्या दारापर्यंत त्यांना आणीन. ते दार वाजवणार नाहीत, त्यांना सवय नाही. बाहेर उभे राहून खोकतील. उघड, आणि ‘या’ म्हण. वाकून नमस्कार वगैरे नाही केलास तरी चालेल, नुसतं ‘या’ म्हण.

मी जिना उतरून खाली रस्त्यावर थांबते. त्यांना घरी परत न्यायचंय म्हणून थांबते, दुसरं काही मनात नाही. मला वर बोलवायचं की नाही ते तुझं तू बघ. नाही बोलावलंस तरी मी संध्याकाळपर्यंत तिथंच असेन.

कमळा